बँकेने परत केलेली रक्कम पुन्हा बिलात आली? क्रेडिट कार्ड फसवणुकीत भुर्दंड कोणावर आणि तक्रार नेमकी कुठे अडते

तक्रारीचा नमुना बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. कार्डावर न केलेला खर्च दिसतो, बँकेला फोन होतो, कार्ड ब्लॉक होतं आणि काही दिवसांत रक्कम जमा झालेलीही दिसते. महिना-दीड महिन्याने तीच रक्कम पुन्हा बिलात येते, सोबत व्याज, विलंब शुल्क आणि त्यांवरचा जीएसटी. विचारलं की उत्तर मिळतं, 'व्यवहार ओटीपीने झालेला आहे, तक्रार बंद केली आहे.' पुन्हा तक्रार केली की पुन्हा तेच वाक्य.

हे चक्र तोडायचं तर एक गोष्ट आधी कळायला हवी. तुमचा वाद कोणाशी आहे हे त्या व्यवहाराची पडताळणी कशी झाली यावर ठरतं. ते न पाहता नुसत्या तक्रारींवर तक्रारी टाकल्या की प्रत्येक वेळी नवा क्रमांक मिळतो, निकाल तोच लागतो.

ओटीपी पडला की नाही, हा पहिला प्रश्न

व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत नुकसान ढकलण्याची एक ठरलेली पद्धत आहे. ऑनलाइन व्यवहार ओटीपीसारख्या पडताळणीशिवाय झाला असेल आणि कार्डधारक 'हा मी केला नाही' म्हणाला, तर तुमची बँक चार्जबॅक करून रक्कम व्यापाऱ्याच्या बँकेकडून परत घेऊ शकते. तोटा व्यापाऱ्याचा होतो, तुमच्या बँकेचं काही जात नाही. परदेशी संकेतस्थळांवर नुसता कार्ड क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही टाकून झालेले व्यवहार या गटातले. ते वेळेत कळवले तर सहसा फार ओढाताण न होता सुटतात.

पडताळणी पूर्ण झाली असेल तर फासा उलटा पडतो. जबाबदारी व्यापाऱ्याकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. आता रक्कम एकतर बँकेच्या खिशातून जाणार, नाहीतर तुमच्या. बँक ओटीपीचा मुद्दा इतका का धरून ठेवते, याचं उत्तर इथे आहे. दुकानातल्या यंत्रावरही असंच तत्त्व लागू होतं: चिप असलेल्या कार्डाची नक्कल करून चुंबकीय पट्टीवर व्यवहार झाला आणि दुकानाच्या यंत्रात चिप वाचायची सोय नव्हती, तर भार दुकानाच्या बँकेवर येतो.

म्हणून बँकेला लेखी विचारायचा पहिला प्रश्न 'पैसे कधी देणार' हा नसतो. ऑनलाइन व्यवहार असेल तर 'या व्यवहाराची ईसीआय व्हॅल्यू (म्हणजे पडताळणी कशी झाली हे सांगणारा आकडा) काय आहे' हे विचारा. व्हिसावर 05 म्हणजे पूर्ण पडताळणी, 06 म्हणजे पडताळणीचा प्रयत्न झाला पण ती पुरी झाली नाही, 07 म्हणजे पडताळणी झालीच नाही. मास्टरकार्डवर याच क्रमाने 02, 01 आणि 00. दुकानातला व्यवहार असेल तर 'पीओएस एंट्री मोड', म्हणजे यंत्राने कार्ड कसं वाचलं ते, विचारा: 05 म्हणजे चिप, 07 म्हणजे टॅप, 90 म्हणजे चुंबकीय पट्टी. हे आकडे व्यवहाराच्या नोंदीतच असतात. फोनवरच्या माणसाला ते दिसत नसतील, पण वाद हाताळणाऱ्या विभागाला दिसतात. 'ओटीपीने झाला' असं सांगितलेल्या व्यवहाराची व्हॅल्यू 07 निघाली, तर त्या एका आकड्यावर तक्रार पुन्हा उघडावी लागते.

रिझर्व्ह बँकेची चौकट

वरचा हिशेब बँका आपापसात करतात. ग्राहकाच्या वाट्याला किती यावं, याची चौकट रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिली आहे. सहकारी बँकांसाठी तशीच तरतूद त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आली.

चूक, हलगर्जी किंवा सेवेतली त्रुटी बँकेची असेल तर ग्राहकावर शून्य भार, मग त्याने कधीही कळवो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, गडबड मध्ये कुठेतरी झाली, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित भार: कार्डाची मर्यादा ₹5 लाखांपर्यंत असेल तर ₹10,000, त्याहून जास्त असेल तर ₹25,000, किंवा व्यवहाराची रक्कम, यांतलं जे कमी असेल ते. सात दिवस उलटल्यावर बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण लागू होतं. ते बँकेच्या संकेतस्थळावर असतं, उतरवून ठेवा.

दिवस मोजताना संदेश मिळाल्याचा दिवस धरत नाहीत. संदेश शुक्रवारी रात्री आला आणि दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार असेल, तर शनिवार-रविवार सोडून सोमवार पहिला, बुधवार तिसरा. गुरुवारी कळवलंत तर मर्यादित भाराच्या खान्यात गेलात.

इथे एक खाचखळगा फारच कमी लोकांच्या लक्षात येतो. ₹10,000 ची मर्यादा प्रत्येक व्यवहारामागे आहे. ₹45,000 चा एकच व्यवहार असेल आणि पाचव्या दिवशी कळवलं, तर तुमच्यावर ₹10,000. पण तेच ₹45,000 चोराने ₹9,000 च्या पाच तुकड्यांत काढले असतील, तर प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आतला, म्हणून सगळे ₹45,000 तुमच्याच माथी येऊ शकतात. चौथा दिवस चालेल अशा हिशेबाने थांबायचं नाही ते यासाठी.

आणि तुम्ही स्वतः ओटीपी, पिन किंवा सीव्हीव्ही कोणाला दिला असेल तर? कळवण्याच्या क्षणापर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं सगळं बँकेचं. चार व्यवहारांपैकी दोन कळवण्याआधी आणि दोन नंतर झाले असतील, तर नंतरच्या दोनांवर तुमचा हक्क पक्का आहे. तक्रारीत चारही एकाच रकमेत मिसळू नका. वेळेनुसार वेगळे लिहा. ओटीपी दिला असेल तर दिला म्हणून लिहा. बँकेच्या कॉलवरची बोलणी ध्वनिमुद्रित असतात, आणि एक खोटं वाक्य उरलेली खरी तक्रारही बुडवतं.

त्याच परिपत्रकातलं एक वाक्य मात्र प्रत्येक पत्रात घालायला हवं: ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

पहिला तास

1. ॲपमधून कार्ड ब्लॉक करा. तेवढ्याने 'कळवलं' असं होत नाही. ॲपमधल्या ब्लॉकच्या बटणाने तक्रार क्रमांक तयार होत नाही.

2. लगेच हेल्पलाइनवर 'फसवणुकीचा व्यवहार' म्हणून नोंद करा आणि क्रमांक घ्या. ही सोय चोवीस तास देणं बँकेवर बंधनकारक आहे. 'व्यवहार अजून पोस्ट झालेला (बिलात पक्का नोंदलेला) नाही, तीन-चार दिवसांनी डिस्प्यूट टाका' असं हमखास सांगितलं जातं. डिस्प्यूटचा फॉर्म नंतर भरला तरी चालेल. फसवणुकीची सूचना आत्ताच नोंदवायची, असं स्पष्ट सांगा. त्या तीन-चार दिवसांच्या सल्ल्यात शून्य भाराची मुदत निघून जाते.

3. बँकेला ईमेल करा. फोनवर काय बोलणं झालं याचा वाद होतो, ईमेलच्या वेळेचा होत नाही.

4. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर, तक्रार टाका. चोरलेल्या कार्डावरून बरेचदा वॉलेट भरलं जातं, गिफ्ट व्हाउचर घेतली जातात किंवा दुसऱ्याच कार्डाचं बिल भरलं जातं. पैसे पुढे सरकायच्या आत ते गोठवता येतात, पण त्यासाठी तास मोजावे लागतात, दिवस नव्हेत.

5. संदेशात व्यापाऱ्याचं नाव दिसत असेल तर त्यालाही कळवा. व्यवहार मंजूर होणं आणि पैसे प्रत्यक्ष व्यापाऱ्याच्या हाती पडणं यांत बहुधा एखाद-दोन दिवस जातात. त्या फटीत माल रवाना झाला नसेल तर ऑर्डर रद्द होऊ शकते.

फोनमध्ये एखादी एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) टाकली गेली असेल, म्हणजे वाहतुकीचं चलान, लग्नाची पत्रिका, वीजबिल अशा नावाने आलेली, तर हे सगळं दुसऱ्या फोनवरून करा. असलं ॲप एसएमएस वाचून ओटीपी परस्पर पाठवतं. तो फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि घाईने फॅक्टरी रीसेट करू नका. आधी त्या ॲपचं नाव, त्याला दिलेल्या परवानग्या आणि ज्या संदेशातून फाइल आली तो संदेश, यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. रीसेट केल्यावर 'मी ओटीपी कोणाला सांगितला नाही' हे दाखवायला हातात काही उरत नाही.

फोनची रेंजच अचानक गेली असेल तर सिम बदललं गेल्याची शक्यता आहे. मोबाइल कंपनीकडून नवं सिम कधी, कोणत्या केंद्रातून दिलं गेलं याची नोंद लेखी मागा.

चुकीच्या खान्यात पडलेली तक्रार

अर्ध्याअधिक फेटाळलेल्या तक्रारींचं मूळ इथे असावं असं वाटतं. बँकेच्या फॉर्मवर दोन मोठे प्रकार असतात: 'व्यवहार मी केला नाही' आणि 'व्यवहार मी केला, पण माल किंवा सेवा मिळाली नाही'. बनावट संकेतस्थळावर तुम्ही स्वतः कार्ड वापरून, स्वतः ओटीपी टाकून खरेदी केली असेल, तर ती फसवणूक आहेच, पण बँकेच्या भाषेत तो अनधिकृत व्यवहार नाही. पहिल्या खान्यात टाकलीत तर व्यापारी पडताळणीचा पुरावा देतो आणि तक्रार संपते. दुसऱ्या खान्यात टाकलीत, ऑर्डरची प्रत, कबूल केलेली तारीख आणि विक्रेत्याला पाठवलेले संदेश जोडले, तर ओटीपी पडलेला असूनही चार्जबॅक होऊ शकतो, कारण तिथे मुद्दा 'माल पोचला का' एवढाच असतो.

सबस्क्रिप्शन बंद करूनही पैसे कापले जात असतील तर तो तिसराच प्रकार. रद्द केल्याचा पुरावा जोडा. 'फसवणूक' लिहू नका.

चार्जबॅकला मुदतही असते, बहुतेक प्रकारांत 120 दिवस. तक्रार निकाली काढायला बँकेला 90 दिवसांपर्यंत वेळ आहे. बँकेने पहिले 80 दिवस फाइल नुसती पडू दिली आणि मग 'प्रकार चुकला, नव्याने टाका' म्हटलं, तर उरतात थोडेच दिवस. म्हणून तिसऱ्या आठवड्यातच विचारा: चार्जबॅक टाकला का, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाखाली.

जमा झालेली रक्कम परत का वळते

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम जमा करायची असते, तीही व्यवहाराच्या मूळ तारखेपासून धरून. पण ही जमा तात्पुरती असते. निकाल लागेपर्यंत ती तुमची झाली असं समजून त्या मर्यादेवर खर्च करू नका. व्यापाऱ्याच्या बँकेने उलट पुरावा दिला, जसं माल कोणत्या पत्त्यावर गेला, कोणत्या आयपीवरून (इंटरनेट पत्त्यावरून) ऑर्डर आली, पडताळणी झाली का, की बँक ती जमा काढून घेते.

अशा वेळी 'पुन्हा तक्रार' टाकू नका. त्याच क्रमांकावर, व्यापाऱ्याने दिलेल्या कागदांची प्रत मागा. बिलावर आक्षेप घेतल्यास 30 दिवसांत स्पष्टीकरण आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यावा, असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत आहे. कागद हातात आल्यावर काय पाहायचं? माल गेलेला पत्ता तुमचा नाही, ऑर्डरवरचा फोन किंवा ईमेल तुमचा नाही, व्यवहाराच्या वेळी तुम्ही दुसरीकडे होता. एवढंच, पण तपशिलासह.

ओटीपीचा मुद्दा असेल तर प्रश्न आणखी बारीक करा. ओटीपी कोणत्या क्रमांकावर, किती वाजता गेला? पोचल्याची नोंद आहे का? संदेशात रक्कम आणि व्यापाऱ्याचं नाव होतं का? त्याआधीच्या काही दिवसांत नोंदणीकृत मोबाइल किंवा ईमेल बदलला गेला का, कार्डाची मर्यादा वाढवली गेली का, परदेशी वापर चालू केला गेला का, आणि ते कोणत्या उपकरणावरून? ओटीपी वापरला गेला, एवढ्याने तो ग्राहकाने दिला असं सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्टेट बँकेचं अपील फेटाळून ग्राहकाचे ₹94,204.80 परत करण्याचा गुवाहाटी उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. ते प्रकरण कार्डाचं नव्हतं, बँक खात्याचं होतं, पण 'ग्राहकाचीच चूक' हा बँकेचा बचाव तिथे टिकला नाही, आणि ग्राहकाने 24 तासांत कळवलं होतं याची दखल घेतली गेली.

1 एप्रिल 2026 पासून रिझर्व्ह बँकेचे पडताळणीचे नवे निर्देशही लागू आहेत. ते न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झालं तर कार्ड देणाऱ्या बँकेने पूर्ण भरपाई द्यायची आहे.

पत्राचा मसुदा एवढा पुरे:

> माझ्या कार्डावर (शेवटचे चार अंक ____) दि. ____ रोजी ____ वाजता ____ या व्यापाऱ्याच्या नावे ₹____ चा व्यवहार झाला आहे. तो मी केलेला नाही आणि कोणाला करू दिलेला नाही. आपला संदेश मला ____ वाजता मिळाला. मी ____ वाजता फोन/ईमेलने कळवलं. तक्रार क्रमांक ____. दि. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत जमा करावी आणि वादातल्या रकमेवर कोणतेही शुल्क लावू नये. माझी चूक असल्याचं आपलं म्हणणं असल्यास त्याचा पुरावा लेखी द्यावा. व्यवहाराची ईसीआय व्हॅल्यू आणि चार्जबॅकची तारीख कळवावी.

बिल भरायचं की नाही

वाद नसलेली सगळी रक्कम देय तारखेच्या आत भरा. 'निकाल लागेपर्यंत काहीच भरणार नाही' ही भूमिका महागात पडते, कारण मग तुमच्या खऱ्या खर्चावरही व्याज चढतं. तात्पुरती जमा अजून झाली नसेल तर एक गोष्ट तपासा: तुम्ही भरलेली रक्कम बिलातल्या किमान देय रकमेपेक्षा कमी नाही ना? वादातली रक्कम मोठी असली की किमान देय आकडा फुगतो आणि संगणक सरळ 'थकबाकी' दाखवतो.

ऑटो-डेबिट 'पूर्ण देय रक्कम' यावर ठेवलं असेल तर ते आधी बदला, नाहीतर वादातले पैसेही खात्यातून जातील.

फसवणूक म्हणून वाद घातलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत कोणतंही शुल्क लावता येत नाही, हेही रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत आहे. तरी ते लागतं, कारण बिलाचा संगणक आणि वाद हाताळणारा विभाग वेगवेगळे चालतात. प्रत्येक बिलानंतर शुल्क, व्याज आणि त्यावरचा जीएसटी यांची बेरीज करून त्याच तक्रारीत उलटवून मागा. महिनोन्महिने साचू दिलंत तर मूळ रक्कम सुटते आणि व्याजाची शेपटी मागे राहते.

'एवढी मोठी रक्कम आहे, ईएमआयमध्ये करून देतो' असा फोन आला तर नाही म्हणा. हप्ते स्वीकारणं म्हणजे व्यवहार मान्य करणं, असा अर्थ नंतर काढला जाऊ शकतो.

नवं कार्ड आलं तरी कापाकापी चालूच

कारणं ठरावीक आहेत. काही व्यवहार ब्लॉक करण्याआधी मंजूर झालेले असतात आणि बिलात नंतर उतरतात. व्यवहाराची तारीख आणि पोस्टिंगची तारीख वेगवेगळी पाहा. 1 ऑक्टोबर 2022 पासून देशातले व्यापारी कार्ड क्रमांक साठवू शकत नाहीत, त्याऐवजी टोकन, म्हणजे एक सांकेतिक क्रमांक, असतं. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पोर्टलवर ही टोकनं कोणकोणत्या व्यापाऱ्यांकडे आहेत ते दिसतं. अनोळखी असतील ती काढून टाका. ई-मँडेटची, म्हणजे आपोआप होणाऱ्या नियमित कपातीच्या परवानग्यांची, यादी वेगळी असते, तीही पाहा. ₹15,000 पर्यंतची नियमित कपात दर वेळी ओटीपी न मागता होते, म्हणून चोराने एकदा मँडेट लावलं की पुढचे हप्ते शांतपणे जातात. कपातीच्या 24 तास आधी येणारी सूचना जाहिरात समजून पुसली जाते, तेवढं टाळा.

परदेशी व्यापाऱ्यांकडे आपला टोकनचा नियम पोचत नाही. शिवाय कार्ड नेटवर्कांची एक सेवा जुन्या कार्डाऐवजी नव्याचा तपशील व्यापाऱ्यांना पुरवते. यावर रामबाण एकच: परदेशी वापर बंद ठेवायचा आणि लागेल तेव्हा तेवढ्यापुरता, मर्यादा घालून चालू करायचा. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप या तिन्हींना वेगवेगळं बटण देणं बँकांना बंधनकारक आहे. टॅपवर ₹5,000 पर्यंत पिन लागत नाही, त्यामुळे ती मर्यादा स्वतःच खाली आणून ठेवलेली बरी.

बँकेच्या वर

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार करा. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. मात्र बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर ती दारातूनच परत येते. सोबत जोडा: बँकेचा मूळ संदेश, तुमचा ईमेल, तक्रार क्रमांक, 1930 ची पावती, बँकेचं फेटाळल्याचं पत्र आणि वेळेनुसार लावलेली एक पानी यादी. तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून कुठे जायचं ते आधी ठरवा.

वाद चालू असताना बँकेने क्रेडिट अहवालात थकबाकी नोंदवली असेल तर ती वेगळी तक्रार करा. वाद मिटेपर्यंत थकबाकीची माहिती बाहेर देऊ नये, असं निर्देशांत आहे. क्रेडिट माहिती कंपनीकडे दुरुस्तीचा अर्ज टाका. 30 दिवसांत ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाई मिळते, आणि ती बँकेने द्यायची की माहिती कंपनीने हे उशीर कोणाकडे झाला त्यावर ठरतं.